क्लार्कबाईंची शाळा

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने १९५६ साली एक कायदा केला. राज्याच्या किंवा शहराच्या नोकरीत असलेल्या कुणालाही यापुढे ‘एनएएसीपी’चे सभासद राहता येणार नव्हते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झगडणारी ही संघटना. तिच्याच वकिलांनी दोन वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळा सर्वोच्च न्यायालयाकडून घटनाबाह्य ठरवून घेतल्या होत्या. दक्षिणेतले राज्यकर्ते आता त्याचा सूड उगवत होते. चार्ल्स्टन शहरातल्या शिक्षकांकडून, ते कोणकोणत्या संस्थांचे सभासद आहेत, याची लेखी माहिती मागवण्यात आली. पुष्कळांनी ते एक नाव गाळले. घरात खाणारी तोंडे होती आणि काळ्या शिक्षकाला दुसरी नोकरी कोण देणार होते? सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क यांनी मात्र ते नाव लिहिले. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. शिकवायला लागून चाळीस वर्षे झाली होती आणि निवृत्ती पुढ्यात होती. त्यांना कामावरून काढले आणि चाळीस वर्षांचे पेन्शनही बुडवले.

त्यानंतर एकतीस वर्षांनी, १५ डिसेंबर १९८७ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. चार्ल्स्टनच्या ओल्ड बेथेल मेथडिस्ट मंडळीच्या दफनभूमीत त्यांना ठेवले आहे. या मंडळीच्या त्या निष्ठावान सभासद. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांच्या चळवळीला मतदार कुठून मिळाले, हे फारसे कुणी विचारत नाही. ते मतदार क्लार्कबाईंच्या शाळेतून आले. आणि ती शाळा त्यांनी काढली, ती नोकरी गेल्यावर.

सेप्टिमा यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्स्टनमध्ये झाला. वडील पीटर पॉइन्सेट गुलामीत जन्मलेले. जोएल पॉइन्सेट या जमीनदार-मुत्सद्द्याच्या मळ्यावरून त्यांना ते आडनाव मिळाले. नाताळात आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही लाल पानांच्या पॉइन्सेटियाची कुंडी दिसते. ते झाड मेक्सिकोतून अमेरिकेत आणणारा हाच जमीनदार आणि झाडाला नावही त्याचेच. मालकाच्या घरची मुले शाळेत न्यायची, शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबायचे आणि त्यांना परत आणायचे, हे लहानग्या पीटरचे काम. शाळेच्या दारापर्यंत रोज जाणे आणि आत पाऊल न टाकणे, हेच त्याचे बालपण. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामीही संपली. पुढे आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. जोतीराव दुरून ज्या घटनेकडे आशेने पाहत होते, तिच्यातून सुटलेल्या लाखो माणसांपैकी एक पीटर. सुटल्यावरही त्यांच्या हाती शाळा आली नाही. ती लेकीने मिळवायची राहिली.

आई व्हिक्टोरिया हैतीत वाढलेली. आपण कधी कुणाचे गुलाम नव्हतो, याचा तिला विलक्षण अभिमान. गोऱ्यांचे कपडे घरी आणून धुवायची, पण त्यांच्या घरी कामाला जायची नाही. मुलांवर तिची करडी नजर असे. वडिलांचा शांतपणा आणि आईचा ताठा, दोन्ही आपल्यात आल्याचे सेप्टिमा सांगत.

१९१६ साली एव्हरी विद्यालयातून शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा सेप्टिमा अठरा वर्षांच्या होत्या. पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्या मुलांनाही गोरे शिक्षकच शिकवत. काळ्या बाईने शिकवायचे तर खेड्यात जावे लागे. त्या जॉन्स बेटावर गेल्या. शहर जवळच, पण मध्ये पूल नव्हता. भरती-ओहोटीच्या तंत्राने खाड्यांमधून होडी जायची. ‘प्रॉमिस लँड’ नावाच्या शाळेत दोन शिक्षिका आणि १३२ मुले. उभ्या फळ्यांच्या भिंती, फटी तशाच उघड्या. एका टोकाला शेगडी असे, त्यामुळे पुढची मुले भाजून निघत आणि मागची कुडकुडत. अठरा वर्षांच्या सेप्टिमा त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पगार महिना ३५ डॉलर. त्याच भागातल्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुले होती आणि तिथल्या बाईंना ८५ डॉलर मिळत.

मुले शेतीचा हंगाम संपल्यावरच शाळेत यायची. पुस्तके जवळजवळ नव्हतीच. मग त्या मुलांनाच त्यांच्या भोवतीच्या गोष्टी सांगायला लावत, धुलाईच्या दुकानातून येणाऱ्या कागदी पिशव्यांवर त्या मोठ्या अक्षरांत लिहीत आणि तोच धडा होई. संध्याकाळी मोठी माणसे येत. कुणाला मंडळीत चार शब्द बोलायचे असत, कुणाला नुसते नाव लिहायचे असे. शिकणाऱ्याला आज काय हवे आहे, तिथून आरंभ करायचा, ही त्यांची पद्धत इथे बसली. ती कोणत्याही अध्यापन महाविद्यालयात शिकवलेली नव्हती.

१९१९ मध्ये त्या एव्हरीत शिकवायला परतल्या, एनएएसीपीच्या सभासद झाल्या आणि दारोदार फिरून सह्या गोळा करू लागल्या. चार्ल्स्टनच्या शाळांत काळे शिक्षक नेमा, एवढीच मागणी होती. गोऱ्यांचे म्हणणे असे की, काळ्या मोलकरणींना आपल्या मुलांना काळे शिक्षक नकोच आहेत. म्हणून मोलकरणी, स्वयंपाकिणी, धोबिणी, हमाल यांच्या हजारो सह्या गोळा झाल्या. पुढच्या वर्षी नियम बदलला. वयाच्या बाविसाव्या वर्षी मिळालेला हा पहिला विजय.

घरचे आयुष्य मात्र त्याच वर्षांत कोसळले. नौदलातल्या नेरी क्लार्क यांच्याशी त्यांनी आईच्या मनाविरुद्ध लग्न केले. पहिली मुलगी तीन आठवड्यांचीच होऊन गेली. १९२५ मध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षअखेरीस नवरा वारला. एकटीच्या पगारात मुलाला सांभाळणे जमेना, म्हणून त्याला त्यांनी सासू-सासऱ्यांकडे उत्तर कॅरोलिनात ठेवले. पुन्हा लग्न केले नाही. मेलेल्या तान्ह्या मुलीविषयी त्या आयुष्यभर अपराधी मनाने बोलत. आईचे न ऐकल्याची ही शिक्षा आहे, असे त्यांना तरुणपणी वाटे. धर्मनिष्ठ माणसाची श्रद्धा कधी कधी त्यालाच असे डागते. त्यातून त्या बाहेर आल्या त्या कामाच्या जोरावर, असे मला वाटते.

दक्षिण कॅरोलिनातल्याच कोलंबिया शहरात त्यांनी १९२९ ते १९४७ अशी अठरा वर्षे काढली. शिकवता शिकवता १९४२ मध्ये बी.ए. आणि १९४६ मध्ये एम.ए. केले. निरक्षर काळ्या सैनिकांना पगारपत्रकावर सही करायला शिकवले. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना सारखा पगार मिळावा म्हणून एनएएसीपीने तिथे खटला भरला, तेव्हा थर्गुड मार्शल यांना माहिती गोळा करून देणाऱ्यांत त्या होत्या. हेच मार्शल पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९४५ मध्ये खटला जिंकला. निकाल देणारे न्यायाधीश वेटीज वेअरिंग चार्ल्स्टनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले. या आणि अशाच निकालांमुळे त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले होते. १९४७ मध्ये चार्ल्स्टनला परतल्यावर क्लार्कबाई त्यांच्या घरी जाऊ-येऊ लागल्या, तेव्हा गोरे खवळलेच. पण काळे सहकारीही दबकून राहू लागले. बाई आपल्यालाही अडचणीत आणणार, अशी त्यांना धास्ती होती.

ती धास्ती १९५६ मध्ये उघडी पडली. नोकरी गेल्यावर क्लार्कबाईंनी ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रे लिहिली. आपण मिळून या कायद्याविरुद्ध उभे राहू, असे त्यांचे म्हणणे होते. २६ जणांची उत्तरे आली. शिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला यायला ११ जण कबूल झाले आणि प्रत्यक्ष आले पाच. त्या सभासद असलेल्या महिला संघटनेने त्यांचा सत्कार ठेवला, पण त्यांच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यायला कुणी धजेना. हे आपल्या आयुष्यातले एक मोठे अपयश, असे त्या नंतर म्हणत. न आलेल्यांना त्यांनी भित्रे म्हटले नाही. या लढ्यासाठी माणसांना आधी तयार करायला हवे होते, ते आपण केले नाही, असा अर्थ त्यांनी काढला. चांगली शिक्षिका वर्ग नापास झाला तर आधी स्वतःचे शिकवणे तपासते. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या पाच माणसांत आहे.

टेनेसी राज्यात मॉन्टीगलच्या डोंगरावर माइल्स हॉर्टन या गोऱ्या माणसाने १९३२ मध्ये हायलँडर नावाचे लोकविद्यालय काढले होते. तिथे काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत आणि एका छपराखाली झोपत. दक्षिणेत हे जवळजवळ अघटित होते. क्लार्कबाई १९५४ पासून सुट्टीत तिथे जात. १९५५च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिरात माँटगोमेरीहून एक अबोल शिवणकाम करणारी बाई आली होती. रोझा पार्क्स. गोऱ्यांसमोर बोलायलाही ती सुरुवातीला बिचकत होती. त्याच वर्षी १ डिसेंबरला बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल तिला अटक झाली. क्लार्कबाईंची नोकरी गेल्यावर हॉर्टन यांनी त्यांना पूर्ण वेळ बोलावून घेतले.

जॉन्स बेटावरचे इसॉ जेंकिन्स स्वतःच्या बसमधून बेटावरच्या मजुरांना रोज चार्ल्स्टनला नेत-आणत. आता पूल झाला होता. ॲलिस वाइन नावाच्या एका उतारू बाईने त्यांना सांगितले की मला मत द्यायचे आहे, पण वाचता येत नाही. दक्षिण कॅरोलिनात मतदार व्हायचे तर राज्यघटनेतला नोंदणी अधिकारी दाखवील तो भाग वाचून दाखवावा लागे, नाहीतर निदान ३०० डॉलरची मालमत्ता लागे. जेंकिन्स गाडीतच लोकांना घटनेचे उतारे शिकवू लागले. हायलँडरच्या शिबिरात त्यांनी हे मांडले, तेव्हा क्लार्कबाईंना चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच संध्याकाळच्या वर्गांची आठवण आली असणार.

जेंकिन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी शाळा विकत घेतली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटले, मागे दोन खोल्या. दुकान खरेच चालत होते, पण मुख्य उपयोग आडोशाचा होता. गोऱ्यांना आत काय चालते त्याचा संशय येऊ नये. शिक्षिका म्हणून क्लार्कबाईंनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशरचनेचे दुकान चालवत आणि शिवणकाम करत. मी शिक्षिका नाही, असे म्हणत त्या मागे सरत होत्या. क्लार्कबाईंना तेच हवे होते. प्रमाणपत्रवाले शिक्षक मोठ्या माणसांना पोरांसारखे वागवतात, हे त्यांनी पाहिले होते. शिवाय काळ्या बायकांचे केस विंचरणारीचे पोट गोऱ्यांवर अवलंबून नसते. तिला कामावरून काढणार कोण? स्वतःच्या बडतर्फीतून घेतलेला धडा या निवडीत आहे.

७ जानेवारी १९५७ रोजी चौदा विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाला. शेतीची कामे थंडावलेली, रात्रीची वेळ. रॉबिन्सन यांनी नातलग शिक्षिकांकडून बालवर्गाची पुस्तके आणली होती. कष्टाने हात राठ झालेली माणसे समोर पाहिली आणि ती त्यांनी बाजूला ठेवली. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे सरळ विचारले. उत्तरे आली. स्वतःचे नाव लिहायचे आहे. बायबल वाचायचे आहे. टपालाने माल मागवण्याचा अर्ज भरायचा आहे, मनिऑर्डर करायची आहे. वर्तमानपत्र वाचायचे आहे. हाच अभ्यासक्रम ठरला. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि अंगाला सवय होईपर्यंत त्यावरून पेन्सिल फिरवायला सांगितले. किराणा मालाच्या हिशेबातून गणित आले, घटनेच्या कलमातून शब्दार्थ आले. भिंतीवर रॉबिन्सन यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत तो वाचता आला पाहिजे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पासष्टीच्या एका बाईला फळ्यावरच्या नावांत स्वतःचे नाव ओळखता आले, त्याविषयी रॉबिन्सन पुढे अनेकदा बोलल्या. ज्यांनी एकही अक्षर न शिकता सगळे आयुष्य काढले, त्यांच्या दृष्टीने हे नाव ओळखणे केवढे असते, हे आपल्याकडच्या प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ज्यांनी शिकवले त्यांना सांगायला नको.

पहिल्या तुकडीतल्या माणसांनी मतदार म्हणून नावे नोंदवली. शेजारच्या वॉडमलॉ आणि एडिस्टो या बेटांनी आम्हालाही असा वर्ग द्या म्हणून मागणी केली. पसारा वाढला, तशी सरकारची नजर वळली. ३१ जुलै १९५९च्या रात्री हायलँडरवर पोलिसांनी छापा घातला. हॉर्टन परदेशी होते, शिबिराची जबाबदारी क्लार्कबाईंवर होती. आयुष्यात दारूला न शिवलेल्या एकसष्ट वर्षांच्या बाईंना बेकायदा दारू बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. दिवे मालवलेल्या खोल्यांत पोलीस झडत्या घेत होते आणि शिबिरातली तरुण मुले ‘वी शॅल ओव्हरकम’ गात होती. आपल्याकडे शाळाशाळांत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून गायले जाते तेच गाणे. आपल्याला भीती वाटत नाही, अशा अर्थाचे त्यातले कडवे त्याच रात्री जन्मले, असे तिथे सांगतात. आरोप टिकला नाही, पण १९६१ मध्ये राज्याने हायलँडरची मान्यताच रद्द केली.

वर्ग बंद पडू नयेत म्हणून ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे, एससीएलसीकडे, सोपवले गेले आणि क्लार्कबाई त्यांच्याबरोबर गेल्या. जॉर्जियातल्या मॅकिंटॉश गावी डॉर्चेस्टर नावाची जुनी मिशनरी शाळा होती. तिथे दर महिन्याला पाच दिवसांचे शिबिर भरू लागले. क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि तरुण पाळक अँड्र्यू यंग हे तिघे मोटारीने दक्षिणभर हिंडून माणसे शोधत. पदवी लागत नसे. मोठ्याने नीट वाचता यावे, फळ्यावर लिहिता यावे आणि आपल्या गावात लोकांनी मानावे, एवढीच पात्रता. परत गेल्यावर स्वयंपाकघरात, केशकर्तनालयात, झाडाखाली वर्ग भरे. देवळात भरणे सर्वांत सोयीचे, पण पुष्कळ पाळक कचरत. देऊळ जाळले जाण्याची भीती खोटी नव्हती. क्लार्कबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत, पण पिच्छाही सोडला नाही. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर याच वर्गांतून घडल्या. चार्ल्स्टनचे शिबिर आटोपून परतताना, ९ जून १९६३ रोजी विनोना गावी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना अटक झाली आणि तुरुंगात अमानुष मारहाण झाली. अक्षरओळख शिकवणाऱ्या या बायका काय किंमत मोजून शिकवत होत्या, ते यावरून कळावे. १९७० पर्यंत असे ८९७ वर्ग चालले.

संघटनेतल्या पुरुषांनी क्लार्कबाईंना मान दिला, पण त्यांचे ऐकले असे म्हणता येत नाही. कार्यकारिणीवर ही बाई कशाला, असे किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी बैठकीत विचारत. किंग त्यांची बाजू घेत. पण प्रत्येक मोर्चा आपणच काढू नका, गावोगावची माणसे पुढारी म्हणून तयार करा, असे क्लार्कबाईंनी किंग यांना पत्राने कळवले, तेव्हा ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि सगळे हसले. किंग यांना १९६४ चे नोबेल मिळाले, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर ऑस्लोला गेल्या होत्या. किंग यांच्याविषयीचा त्यांचा आदर शेवटपर्यंत टिकला. तरीही पत्रातले त्यांचे म्हणणे बरोबर होते. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि दक्षिणेतल्या वाचनपरीक्षा उठल्या. त्या दिवशी मतदार यादीत नावे घालायला जी माणसे आधीच तयार होती, ती मोर्च्यांइतकीच त्या मागच्या खोल्यांतून तयार झाली होती.

१९७० मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि चार्ल्स्टनला राहिल्या. निवृत्ती नावाचीच. लहान मुलांसाठी पाळणाघरे काढणे, मंडळीचे काम, आणि बुडालेल्या पेन्शनचा पाठपुरावा चालूच होता. शहराने एका हमरस्त्याला त्यांचे नाव दिले. तो रस्ता काढताना काळ्यांची वस्ती मधोमध चिरली गेली होती, घरे पाडली गेली होती. त्या बाईंचे नाव द्यायला शहराला दुसरे काही सापडू नये, याचे मला वाईट वाटते.

१९७५ मध्ये त्या चार्ल्स्टन कौंटीच्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या शहराच्या शाळांनी त्यांना दार दाखवले होते, त्याच शाळांचा कारभार पाहणारे हे मंडळ. सत्तरी केव्हाच उलटली होती. मतदारांनी त्यांना निवडून दिले. जॉन्स बेट याच कौंटीत मोडते. पुढच्या वर्षी राज्यपालांनी त्यांची बडतर्फी अन्याय्य होती असे मान्य करून पेन्शन सुरू केले, १९८१ मध्ये विधिमंडळाने थकबाकी मंजूर केली. तोवर क्लार्कबाई मंडळाच्या बैठकांना जात होत्या आणि शिक्षकांच्या नेमणुकांवर मत देत होत्या.